बॅगेत सहा, गाडीत चार

लिओन्सिओकाकांनी सहावा पिस्टन जेवणाच्या टेबलावर उभा केला, हात पुसले आणि सगळ्यांकडे बघून हसले.

"बोला की! एवढ्या वर्षांनी घरी आलोय, आणि तुमचे चेहरे असे, जणू मी टोपलीतून साप काढलेत."

टेबलावर पिस्टन रांगेत उभे होते, तेल लावलेले, नवेकोरे. शेजारी रिंगांची पाकिटं, बेअरिंगचे डबे आणि गॅस्केटचा भला मोठा चपटा खोका. फ्लोरिडाहून आलेल्या माणसाच्या बॅगेतून साबण निघतो, औषधं निघतात, चपला निघतात. काकांच्या बॅगेतून दोन शर्ट निघाले होते आणि बाकी सगळं हे.

मिरेलिसनं भावाकडे पाहिलं. अन्सेल्मो पावाला लोणी लावत होता. लोणी कधीच संपलं होतं. तो कोरडी सुरी पावावर फिरवत होता.

"छान आहेत हं, काका," ती म्हणाली.

"छान? अगं, टॅम्पातल्या एका म्हाताऱ्याच्या गॅरेजमधून शोधून काढलेत. आपल्या शेवर्लेचे, अगदी त्याच मापाचे. अडुसष्ट साली फेर्मीननं आणि मी या समोरच्या बदामाखाली ते इंजिन पहिल्यांदा खोललं. तुझ्या बापाला तेव्हा इंजिनातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी शिकवलं त्याला." त्यांनी एक पिस्टन हलकेच फिरवून बघितला. "म्हटलं, एकदा परत खोलू. तो असताना जमलं नाही. आता तुम्ही आहात."

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हा काकांची कागदपत्रं अडकली आणि धाकट्या भावाला थोरल्याच्या मातीला पोचता आलं नाही. फोनवर ते एवढंच म्हणाले होते, 'गाडी विकू नका, मी येतोय.' ऐंशी साली देश सोडून फ्लोरिडाला जाताना ती हिरवी शेवर्ले त्यांनी भावाच्या नावावर केली होती. कागदावर ती फेर्मीनची झाली, पण घरात तिला आजवर 'लिओची गाडी'च म्हणत आले. अन्सेल्मो तीच टॅक्सी म्हणून चालवायचा आणि त्यावर घर चालायचं.

घोळ एवढाच होता, की त्या गाडीत शेवर्लेचं इंजिनच नव्हतं. वीस वर्षांपासून नव्हतं. बॉनेटखाली रशियन व्होल्गाचं इंजिन होतं, चार सिलिंडरचं. समुद्रकाठच्या साऱ्या काइबारिएन गावाला हे ठाऊक होतं. ज्याची गाडी त्यालाच तेवढं ठाऊक नव्हतं.

"खाऊन घ्या," काका म्हणाले. "मग बॉनेट उघडू."

"आज?" अन्सेल्मो दचकला. "आज धंद्याचा दिवस आहे, काका."

"कसला धंदा? काल विमानतळावरून येताना गाडीच्या धुरात मागचा रस्ता दिसत नव्हता. दोनदा पाणी घातलंस. इंजिन ऑइल पितंय की तू, तेच मला कळेना."

चुलीपाशी उभ्या असलेल्या एउलालियानं, म्हणजे आईनं, मागे न वळता विचारलं, "भाऊजी, अजून कॉफी देऊ?"

"वहिनी, तिसरी झाली."

"मग चौथी घ्या."

मिरेलिसला आईच्या आवाजात काहीतरी निराळं वाटलं. आई घाबरली नव्हती. आई वेळ काढत होती.

*

"आपण सरळ सांगून टाकू," मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी मिरेलिस म्हणाली. "इंजिनाला तडा गेला, बाबांनी दुसरं बसवलं. त्यात लाजायचं काय?"

अन्सेल्मो तिच्याकडे बघतच राहिला. "तडा? कसला तडा?"

"ब्लॉकला तडा गेला होता ना. म्हणून काढलं ते."

"कुणी सांगितलं तुला?"

"बाबांनी. कुणी सांगणार?"

"वेडी आहेस का? बाबांनी ते विकलं! भुकेच्या वर्षांत. सिएनफुएगोसकडच्या कुणाला तरी, एक डुक्कर आणि तेलाचा डबा घेऊन. मला स्वतः सांगितलं त्यांनी. काकांची वस्तू विकली म्हणून मी त्यांना शेवटपर्यंत टोमणे मारत आलो, आणि एकदाही त्यांनी तोंड उघडलं नाही."

"डुक्कर?" मिरेलिस म्हणाली. "अरे, मी तेव्हा सोळा वर्षांची होते. त्या वर्षी आपण साखरपाणी पिऊन झोपायचो. घरात डुक्कर आलं असतं तर मला त्याचा चेहरा आठवला असता!"

डुकराचं मांस खाल्ल्याचं अन्सेल्मोलाही आठवत नव्हतं. इतकी वर्षं त्यानं ते डुक्कर बापाच्या माथी मारलं होतं, पण ते डुक्कर होतं कुठं, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता.

"मग खरं काय?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत! आईला विचार."

"आईला विचारलं तर ती कॉफी देते."

तेवढ्यात पुढच्या अंगणातून पत्रा कुरकुरल्याचा आवाज आला. दोघंही धावले.

*

लिओन्सिओला कालपासून चुकल्यासारखं वाटत होतं. गावातले रस्ते तेच होते, पण वळणं जिथं यायला हवीत तिथं येत नव्हती. ज्याला तो ओळखून हाक मारायचा तो त्या माणसाचा मुलगा निघायचा. आणि गाडीचा आवाज. विमानतळावरून येताना अन्सेल्मोनं रेडिओ मोठ्यानं लावला होता, तरी त्याखालून येणारी ती खडखड त्याला ओळखीची वाटेना. त्याच्या शेवर्लेचा आवाज कसा सलग असायचा, शिवणयंत्रासारखा. ही गाडी धापा टाकत होती. वय झालं, कान गेले, असं त्यानं स्वतःला समजावलं. त्याची बायको टॅम्पात रोज तेच म्हणायची.

बॉनेट तारेनं बांधलेलं होतं. काल विचारलं तेव्हा अन्सेल्मो म्हणाला, कडी तुटली आहे आणि पक्कड शेजाऱ्याकडे गेली आहे. लिओन्सिओनं खिशातून स्वतःची पक्कड काढली, तार कापली आणि झाकण वर केलं.

त्यानं चष्मा पुसला. मग प्लग मोजले. एक, दोन, तीन, चार.

त्यानं पुन्हा मोजले. मग वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला, वाकला, खालून बघितलं. घरातून पुतण्या आणि पुतणी धावत आली आणि थोड्या अंतरावर थबकली.

"अन्सेल्मो," तो अगदी हळू म्हणाला, "बाकीचे दोन कुठं आहेत रे?"

अन्सेल्मोनं कापलेली तार जमिनीवरून उचलली.

"मला चारच दिसतायत. तूही मोज बरं एकदा. मला हल्ली नीट दिसत नाही."

मिरेलिसच्या डोळ्यांत पाणी आलं. "चारच आहेत, काका. तुमचे डोळे ठीक आहेत. हे व्होल्गाचं इंजिन आहे."

"व्होल्गाचं." त्यानं मान डोलावली. "मग शेवर्लेचं कुठं आहे?"

"तडा गेला," मिरेलिस म्हणाली.

"विकलं," अन्सेल्मो त्याच वेळी म्हणाला.

लिओन्सिओनं आधी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "तडा गेलेलं विकलं?"

"नाही, म्हणजे..."

"की विकल्यावर तडा गेला?"

"काका, डुकराच्या बदल्यात..." अन्सेल्मो अडखळला. "पण ते डुक्कर आलंच नाही, असं ही म्हणते."

"कसलं डुक्कर?"

याच वेळी फाटकाशी पावाची गाडी थांबली. बेकरीवाला ओरेस्तेस सकाळचे उरलेले पाव घेऊन आला होता. दारातूनच त्यानं हात पसरले, लिओन्सिओला कडकडून मिठी मारली, आणि उघड्या खिडकीतून त्याची नजर टेबलावर गेली.

"आलं! सामान आलं!" तो ओरडला. "आणि या खेपेला पिस्टन! फेर्मीनचा भाऊ म्हणजे देवमाणूस. माझी गाडी आता अजून दहा वर्षं कुठं जात नाही!"

"तुझी गाडी?" लिओन्सिओनं विचारलं.

"शेवर्लेचा ट्रक आहे ना माझा, सहा सिलिंडरचा. तुम्ही पाठवत होता ना इतकी वर्षं, प्लग, पॉइंट, गॅस्केटी. फेर्मीन ते मला द्यायचा आणि मी त्याला व्होल्गाचं सामान. साखर कारखान्याचा डेपो बंद झाला तेव्हा मी पेट्या भरून उचललं होतं. या गावाला पाव मिळतो तो तुमच्या प्लगांवर, लिओन्सिओ! देवाशप्पथ!" मग त्याला सगळ्यांचे चेहरे दिसले. "का? फेर्मीननं लिहिलं नव्हतं?"

"मला त्यानं लिहिलं होतं," लिओन्सिओ म्हणाला, "की इंजिन घड्याळासारखं चालतंय. दर पत्रात. वीस वर्षं." त्याचा चेहरा लाल होत गेला. "मी तिकडे माझ्या पोरांना सांगायचो, जगात एकच माणूस असा आहे जो माझ्याशी खोटं बोलत नाही. माझ्या गाडीचं इंजिन काढलं, विकलं का फेकलं ते तुम्हालाही धड सांगता येत नाही, वर मी पाठवलेलं सामान बेकरीत! याला काय म्हणतात? आमच्यात याला चोरी म्हणतात!"

"काका, बाबा आता नाहीत," मिरेलिस म्हणाली.

"म्हणून चोरी चोरी राहत नाही का?"

"बोलू दे त्यांना," अन्सेल्मो म्हणाला. "मीही हेच म्हणत होतो इतकी वर्षं."

"तू गप्प बस!" मिरेलिस उसळली. "कालपर्यंत तारेनं बॉनेट बांधत होतास, आज लगेच त्यांच्या बाजूला?"

*

एउलालिया तांदूळ निवडत होती. बाहेरचे आवाज तिच्यापर्यंत येत होते. डुक्कर, तडा, घड्याळासारखं इंजिन. यातलं प्रत्येक खोटं तिनं फेर्मीनच्या शेजारी बसून ऐकलं होतं. ती त्याला म्हणायची, अहो, सगळ्यांना एकच काहीतरी सांगा. तो म्हणायचा, "एकच सांगितलं तर कुणीतरी ते खरं का खोटं तपासायला येईल. वेगवेगळं सांगितलं, की लोक आपसातच भांडत बसतात." तेव्हा तपासायला येणारे होते आणि तुरुंग काही लांब नव्हता. पुढं ती भीती गेली, पण ती खोटी उत्तरं तशीच राहिली, अंगवळणी पडली. लिओ येईल तेव्हा मी स्वतः, तोंडावर सांगेन, असं फेर्मीन म्हणायचा. लिओ आला नाही. फेर्मीन गेला. सांगायचं तिच्यावर येऊन पडलं, आणि कालपासून ती नुसती कॉफी करत होती.

मग तिनं 'चोरी' हा शब्द ऐकला. ती ओल्या हातांनीच बाहेर गेली.

"भाऊजी, तुमचं इंजिन विकलं नाही," ती म्हणाली. "तुटलंही नाही. ते तुमच्याकडेच आलं."

ओरेस्तेस पावाची पिशवी छातीशी धरून उभा होता.

"माझ्याकडे?" लिओन्सिओ म्हणाला. "वहिनी, तुम्ही जरा बसा. ऊन लागलंय तुम्हाला."

"माझा रिगो, अन्सेल्मोच्या पाठचा, तो कसा आला तुमच्याकडे?"

"रिगो? होडीनं. त्र्याण्णव साली. मीच तर गेलो होतो त्याला आणायला."

"होडीला कोणतं इंजिन होतं?"

लिओन्सिओनं मागे हात करून चाचपलं आणि तो गाडीच्या बंपरवर बसला.

"लाल रंगाचं होतं," तो म्हणाला.

"होडीचा रंग उरला होता, तोच फासला त्यांनी. ओळखू येऊ नये म्हणून."

"मी त्या होडीपाशी उभा होतो, वहिनी. वाळूत अर्धी रुतलेली. सरकारी माणसं रिगोची नावनिशी लिहून घेत होती तेवढ्यात मी वाकून आत बघितलं. मी रिगोला म्हटलं, कुणा वेड्यानं गाडीचं इंजिन होडीत बसवलंय बघ. पोरगं आधी हसलं आणि मग रडायला लागलं. मला वाटलं, समुद्रानं घाबरलाय." त्यानं दोन्ही तळहातांकडे बघितलं. "मी त्यावर हात ठेवला होता. माझं इंजिन, आणि मला कळलं नाही?"

"परक्या किनाऱ्यावर आपलं इंजिन कोण शोधतो?" ओरेस्तेस हळूच म्हणाला.

"आणि रिगो? वीस वर्षं माझ्या घरी जेवतोय तो. दर रविवारी!"

"त्यानं बापाला शब्द दिला होता. हे म्हणाले होते, मी भावाला न विचारता त्याची वस्तू घेतली, तर सांगणारही मीच."

लिओन्सिओ हसला की कण्हला ते कुणाला कळलं नाही. "मग आता मी चिडू कुणावर?" त्यानं विचारलं, आणि ते तो खरंच विचारत होता.

मिरेलिसनं पुढं होऊन आईचा हात धरला. पण एउलालिया तिच्याकडे बघत नव्हती. ती अन्सेल्मोकडे बघत होती. तो उघड्या बॉनेटच्या पलीकडे उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"रिगो कोळ्यांच्या होडीतून गेला होता," तो म्हणाला. "त्याचा तो पळून गेला होता. आम्हाला न सांगता. असंच ना, आई?"

"नाही रे."

"बाबांनी पाठवलं त्याला?"

"होडी बांधायला त्यांना चार महिने लागले, चोरून. कुणाला कळलं असतं तर तुरुंग होता."

"आणि मला सांगितलं डुक्कर." तो बोलायचा थांबला, परत सुरू झाला. "मला का नाही पाठवलं? मी मोठा होतो."

"तुझी पोर तेव्हा दोन महिन्यांची होती."

"ते मी ठरवलं असतं! बाबांनी का ठरवलं?"

एउलालियाला वाटलं, हो म्हणावं. बाबांनी ठरवलं, म्हणावं. फेर्मीननं डुकराचा टोमणा शेवटपर्यंत सोसला, हाही सोसला असता. पण आत्ताच तिनं त्याच्यावरची एक खोटी गोष्ट उतरवली होती. दुसरी चढवणं तिला जमेना.

"त्यांनी नाही ठरवलं," ती म्हणाली. "त्यांनी मला विचारलं, जागा एक आहे, दोघांपैकी कोण? मी म्हटलं, अन्सेल्मो राहू दे."

अन्सेल्मोनं बॉनेट खाली आदळलं आणि तो फाटकाबाहेर निघून गेला. गाडी न घेता, पायी.

*

तो बंदराच्या भिंतीवर दुपारपर्यंत बसला. राग कुणावर धरावा ते त्याला समजेना. बापावर धरावा, तर त्याला वीस वर्षं डुकरावरून बोलून झालं होतं. रिगोवर धरावा, तर त्यानं जागा मागितली नव्हती, त्याला ती दिली गेली होती. दर रविवारी रिगोचा फोन आला की अन्सेल्मो उठून बाहेर जायचा. पळून गेलेल्या माणसाशी काय बोलायचं, असं तो म्हणायचा. आता तो पळून गेला नव्हता असं निघालं. मग आपण इतके रविवार बाहेर जाऊन काय केलं?

परत आला तेव्हा काका बदामाच्या फांदीला साखळी-कप्पी बांधत होते आणि मिरेलिस खालून मोठमोठ्यानं सूचना देत होती. मासळीच्या कारखान्यातून तिनं त्या दिवसाची सुट्टी घेतली होती.

"काय चाललंय?" त्यानं विचारलं.

"इंजिन उतरवतोय," काका म्हणाले. "सहा म्हणून आलो होतो, चार मिळाले. आता चारच करू. धर ती साखळी."

त्यानं धरली. दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं.

ओरेस्तेस काकांचे सहा पिस्टन घेऊन गेला आणि व्होल्गाचे चार पिस्टन, त्यांच्या लायनर म्हणजे बाहेरच्या नळ्यांसकट, देऊन गेला. डेपोत ग्रीस थापून ठेवलेले, त्यामुळे गंज नव्हता. रिंगा मात्र तीनच पिस्टनच्या निघाल्या. चौथ्यासाठी जुन्यांतल्या बऱ्या निवडायच्या ठरल्या. व्होल्गाच्या हेडचं नवं गॅस्केट ना बॅगेत होतं, ना गावात. काका म्हणाले, तिकडे असतो तर दुकानात जाऊन आणलं असतं. अन्सेल्मो म्हणाला, इकडे जुन्यालाच चंदेरी रंगाचे दोन हात देतात आणि परत बसवतात. काकांनी तोंड वाकडं केलं, मग तीन हात द्यायला सांगितलं. एक बेअरिंग सैल होतं, तर मिरेलिसनं बिअरच्या डब्याची पट्टी कापून तिची पाचर घातली. व्हॉल्व्ह घासायला काच कुटून तेलात कालवली. अंगणभर रॉकेलचा वास सुटला आणि घरातली सगळी पातेली नटबोल्टांनी भरली. आईला भात शिजवायला शेजारून भांडं आणावं लागलं.

काका मधेच हात थांबवून म्हणायचे, "पण मग त्या पत्रात त्यानं लिहिलं होतं, की व्हॉल्व्ह सेट केले. कुणाचे केले?" ते स्वतःच मान हलवून पुन्हा कामाला लागत. अन्सेल्मो आईशी बोलत नव्हता. आई ताट ठेवून जायची, काळे घेवडे, भात, कधी खेकडा. तो ती आत गेल्यावर जेवायचा.

लायनर बसवत होते त्या दिवशी मात्र ती ताट ठेवून गेली नाही. उलट्या बादलीवर बसली. काका पाणी प्यायच्या निमित्तानं उठले आणि मिरेलिसलाही हाताला धरून घेऊन गेले.

"जेव," आई म्हणाली.

"मला का नाही विचारलंस?" त्यानं इंजिनाकडेच बघत विचारलं. "तू ठरवलंस ते ठीक. पण एकदा विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास."

त्यानं वर बघितलं.

"रिगोच्या मागं मी रडले," ती म्हणाली. "तू गेला असतास तर मी उरले नसते. हे बरोबर होतं का चूक, मला माहीत नाही. तुझ्या बापालाही माहीत नव्हतं. ते म्हणायचे, अन्सेल्मोला कळलं तर तो तुला माफ करणार नाही, त्यापेक्षा त्याला डुकरावरून मला शिव्या देऊ दे."

अन्सेल्मोनं ग्रीसचे हात चिंधीला पुसले, ताट ओढलं आणि ती समोर असतानाच जेवायला लागला. त्यानं माफ केलं, असं नव्हे. तसं काही त्याला आतून वाटलं नाही. फक्त ती उठून गेली असती तर ते त्याला आवडलं नसतं, एवढंच त्याला कळलं.

*

रविवारी इंजिन चालू झालं. पहिल्या खेपेला नाही आणि दुसऱ्या खेपेलाही नाही. तिसऱ्या वेळी ओरेस्तेस, मिरेलिस आणि गल्लीतले चौघे यांनी ढकललं तेव्हा ते खोकलं, एक काळा लोट सोडला आणि मग लागलं. धूर हळूहळू पातळ झाला. काका स्टिअरिंगवर बसले होते. डोळे मिटून ते ऐकत होते.

"शिवणयंत्र नाही हे," ते म्हणाले. "पण खडखड गेली."

गाडी ढकलत पुन्हा अंगणात आणायची गरज पडली नाही. काकांनीच ती चालवत आणली आणि बदामाखाली तशीच चालू ठेवून ऑइल गळतंय का बघायला वाकले. तेवढ्यात घरात फोन वाजला.

अन्सेल्मो सवयीनं फाटकाकडे वळला. दोन पावलं गेल्यावर थांबला. आईनं फोन उचलला होता आणि खिडकीतून ती त्याच्याकडे बघत होती, बोलावत नव्हती. तो आत गेला आणि त्यानं तिच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"रिगो."

"अन्सेल्मो? आई ठीक आहे ना? काका?"

"सगळे ठीक आहेत."

"मग तू कसा काय... बरं, मागं कसला आवाज येतोय?"

"गाडी. आत्ताच इंजिन बसवलं."

रिगो ऐकत राहिला. "एक सिलिंडर जरा चुकतोय."

"चौथा. त्याच्या रिंगा जुन्या आहेत. काय करणार?" अन्सेल्मोला वाटलं होतं, खूप काही बोलायचं आहे. तोंडापर्यंत एकच आलं. "ते दुसरं इंजिन. काकांचं. वाटेत बंद पडलं का रे?"



"आईनं सांगितलं?" रिगोनं विचारलं.

"हो."

"नाही पडलं. एकदाही नाही. बाबा होडी ढकलताना कमरेएवढ्या पाण्यात आले होते. सगळे घाई करत होते, आणि ते मला समजावत होते, पोचलास की एकदम बंद करू नकोस. तापलेलं इंजिन असं बंद करायचं नसतं. जरा चालू ठेव, दम घेऊ दे त्याला." रिगो थांबला. "किनारा लागला तसे बाकीचे उड्या टाकून पळाले. मला ओरडत होते, उतर, उतर. मी तसाच बसून राहिलो. पायाखाली ते चालू, आणि मी एकटा. मग बंद केलं. आणि मला कळेना, आता पुढं काय करायचं."

अन्सेल्मोनं खुर्ची ओढली आणि बसला. "मलाही," तो म्हणाला.

खिडकीतून त्याला बदाम दिसत होता, त्याखाली हिरवी गाडी, आणि दारातून आत वाकून किल्लीकडे हात नेणारे काका.

"काका!" त्यानं रिसीव्हर न ठेवताच हाक मारली. "एवढ्यात बंद नका करू. राहू द्या जरा."